दत्तूभाऊंचा मधला थांबा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही.

वारूळवाडीत आमचं दुकान आहे, लग्नाच्या, वाढदिवसाच्या, बैलगाडा शर्यतीच्या आमंत्रणांचे अ‍ॅनिमेशनवाले व्हिडिओ करतो. तिथं दत्तूभाऊ आहेत, पन्नाशीचे. या माणसाला सरळ वळताच येत नाही. दार डाव्या हाताला, तर हे खुर्ची उजवीकडून फिरवणार, मधे खिडकीशी थांबणार, मग दाराकडं बघून म्हणणार, "या पावणं." तोवर पावणं बसून पाणी प्यालेलं असतं.

आळेफाट्याहून कोणी आलं की पहिला प्रश्न, "मधी कुठं थांबला?"

"कुठंच नाय, सरळ आलो."

"मग ते येणं न्हाई राव, नुसतं पोचणं."

हे खूळ कॉम्प्युटरमुळं. त्यात कीफ्रेम असते, म्हणजे वस्तू सुरुवातीला कशी आणि शेवटी कशी एवढं आपण सांगायचं, मधलं तो भरतो. पण फिरवताना लेकाचा जवळचा रस्ता धरतो. बैलगाड्याचं चाक पाऊण फेरी पुढं न्यायचं होतं, त्यानं पाव फेरी मागं नेलं. शेवट तोच की. बैल पुढं, चाक मागं.

मी म्हटलं, "कोणाला कळतंय भाऊ?"

"ज्याच्या दावणीला बैल हाय त्याला कळतंय," म्हणत त्यांनी अर्ध्यावर आणखी एक कीफ्रेम टाकली. चाक निमूट पुढनं गेलं.

काल ते दुकानात चार्जर विसरले म्हणून मी शिनोलीला त्यांच्या घरी गेलो. वहिनी टीव्हीसमोर उभ्या. टीव्हीवर एक कार्टूनची बाई हात वर नेतेय. वहिनींचा खांदा आखडलाय, कित्येक महिने स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम भाऊंनी अ‍ॅनिमेट केलाय.

"पयल्यांदा मधी कीफ्रेम टाकली न्हाई, त्या बाईचा हात मागनं वर गेला," भाऊ हळू म्हणाले. "ही तसंच करायला गेली. लई कळ आली. व्यायामच नको म्हनली. चूक माझी व्हती."

आता तो हात समोरून निघतो आणि वहिनींना जिथं दुखतं तिथं जरा थांबतो. भाऊ तो थांबा रोज बोटभर वर सरकवतात.

काल वहिनींचा हात कानाच्या वर गेला. वहिनी म्हणाल्या, "आज कंगवा माझ्याकडं द्या."

"उद्या," भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या मागं बसून वेणी घालायला लागले. वाकडीच.

तुम्हाला कधी असं झालंय का, की ज्याची नक्कल करून अख्खं दुकान हसवलं, त्याच्याच घरी चहा पिताना मान वर होईना?