मंगळवारी घरी असलेला मूळनिवासी

आयर्लंडमधल्या पोर्टलीशपासून वीस मिनिटांवरच्या बॅलीनाफिन गावात एक वर्षावन आहे, ही गोष्ट सरकारी कागदावर येईपर्यंत गावालाच ठाऊक नव्हती. गावकरी त्याला मागचं ओलं रान म्हणत आणि कुत्रं हरवलं तरच तिकडे फिरकत. रानातून एक नदी वाहत होती. आपण प्रेक्षणीय आहोत याची तिलाही कल्पना नव्हती.

मग पर्यटन विकासाच्या एका कार्यालयातले चार अधिकारी दूरदेशी अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले. तिथे घनदाट वर्षावन होतं, मोठी नदी होती, आणि तिथले मूळनिवासी स्वतः पाहुण्यांना होडीतून फिरवत होते. अधिकारी भारावून परतले. अधिकारी भारावला आणि योजना निघाली नाही, असं कुठल्याच देशात घडत नाही. 'मूळनिवासी समुदाय-आयोजित वर्षावन व नदी सहल' महिन्याभरात मंजूर झाली. रान होतं, नदी होती. मूळनिवासी तेवढा शोधायचा राहिला होता.

त्यासाठी नोरीन नावाच्या सर्वेक्षण अधिकारी बाई एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता गावात आल्या. मूळनिवासीची व्याख्या त्यांच्याजवळ लेखी होती: 'प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी निवासस्थानी आढळून आलेली व्यक्ती'. गावात बेचाळीस घरं. मोठी माणसं डब्लिनला नाहीतर पोर्टलीशला कामावर आणि मुलं शाळेत, त्यामुळे एक्केचाळीस दारांमागे एकतर कुत्रं भुंकलं किंवा काहीच भुंकलं नाही. बेचाळिसावं दार उघडलं. दारात माकडटोपी घातलेले शशिकांत देवपूरकर उभे होते.

शशिकांतराव वर्ध्याहून आलेले, वीज मंडळातून निवृत्त. पत्नी उल्का जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी एकटं राहू नये म्हणून मुलगा अंबरीश त्यांना इकडे घेऊन आला होता. इथे ते सकाळी आठ ते संध्याकाळी सात एकटे असत. त्यांची मागणी मोठी नव्हती. उल्काबद्दल कुणाशी तरी बोलावं, इतकंच. पण विषय काढला की अंबरीशची मीटिंग सुरू होई, सून शर्वाणी इस्पितळातून दमून आलेली असे, आणि नात रेवाला मराठी सगळं कळत असलं तरी तिचं उत्तर इंग्रजीत आणि दोन शब्दांत येई.

त्यामुळे नोरीनबाईंनी विचारपूस करताच शशिकांतरावांनी त्यांना आत बोलावून चहा दिला. इथे किती काळापासून राहता, असं बाईंनी विचारलं. युगं लोटल्यासारखं वाटतं, असं शशिकांतराव खरं तेच बोलले. बाईंनी 'अनादी काळापासून' अशी नोंद केली. आपला व्हिसा तीन महिन्यांचा आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तो दुसरा विभाग, बाई म्हणाल्या, आणि त्याला या अर्जात रकाना नाही.

शशिकांतराव मूळनिवासी ठरल्याचा निकाल लागल्यावर गावातल्या डर्मटने हरकत घेतली. त्याच्या सात पिढ्या याच गावात गेल्या होत्या. पण त्या मंगळवारी अकरा वाजता तो पोस्टात गेला होता. कार्यालयाने त्याची हरकत सहानुभूतीपूर्वक फेटाळली आणि बाहेरून आणलेला मजूर म्हणून त्याला होडी वल्हवायला ठेवलं.

पहिल्या दिवशी होडीत बसताना डर्मटने विचारलं, "काय हो मूळपुरुष, ही नदी कुठून येते म्हणायची?"

"मला काय माहीत जी," शशिकांतराव म्हणाले. "तुम्ही वल्हवा. अन् जरा काठाकाठानं."

त्याआधी प्रशिक्षण झालं होतं. डून लेरीच्या एका तज्ज्ञाने दोन दिवस ऑनलाइन शिकवलं की मूळनिवासीने घड्याळ पाहू नये, बोलताना लांब बघावं आणि कुठलीही गोष्ट लगेच माहीत असल्यासारखं दाखवू नये. शशिकांतरावांनी वीज मंडळात तेहेतीस वर्षं हेच केलं होतं. ते पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. माकडटोपीला पारंपरिक वेष म्हणून मान्यता मिळाली.

अडचण एकच होती. शशिकांतराव जन्मात होडीत बसले नव्हते. होडी हलताच त्यांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली, डोळे मिटले आणि प्रत्येक हेलकाव्याला "आई गं" म्हणू लागले. बारा पर्यटकांनी आदराने फळ्या धरल्या आणि डोळे मिटले. दुसऱ्या वळणापासून बॅलीनाफिनच्या नदीवर तेरा कंठांतून "आई गं" घुमू लागलं. डर्मट एकटा डोळे उघडे ठेवून होता. त्याला नंतर ताकीद मिळाली.

सहलीचा शेवट रानात, शेवाळलेल्या ओकखाली. तिथे फोन टोपलीत ठेवायचे आणि चाळीस मिनिटं ज्येष्ठ मूळनिवासीचं कथन ऐकायचं. नियम नऊ: ज्येष्ठांचं बोलणं मध्येच तोडू नये. शशिकांतरावांनी समोर पाहिलं. बारा माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि एकाचीही मीटिंग नव्हती.

ते उल्काबद्दल बोलू लागले. भरताचं वांगं किडकं निघालं म्हणून ती बाजारात परत गेली. आतलं मला कसं दिसणार, असं भाजीवाला म्हणाला. मग कापून दाखवून विक, असं म्हणून ती संध्याकाळपर्यंत त्याच्या गाडीपाशी उभी राहिली. दिवेलागणीला गाडीवर एकही वांगं साबूत उरलं नाही, तेव्हा तिलाच त्याची दया आली आणि ती दोन किलो कापलेली वांगी घेऊन घरी आली. पर्यटक गहिवरले. एका विद्यापीठाच्या बाईंनी वहीत वांग्याचं चित्र काढून विचारलं, ही उल्का नदीची देवता की वनाची?

"मुख्यतः स्वयंपाकघराची," शशिकांतराव म्हणाले. "पण बाहेरही तिचंच चालायचं."

सहल गाजली. पार डब्लिनपलीकडच्या स्वोर्ड्सपासून गाड्या भरून लोक येऊ लागले. डब्लिनमध्ये लोक वांगी कापून दारात ठेवू लागले. शशिकांतरावांनी घरी हे चार वेळा सांगितलं. अंबरीश चारही वेळा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "ग्रँड, बाबा."

मग एका सहकाऱ्याने अंबरीशला बजावलं की, ही सहल केली नाहीस तर आयर्लंड पाहिलं नाहीस. त्याने नाव नोंदवलं. सहा आठवड्यांनी नंबर लागला, आणि एका शनिवारी तो, शर्वाणी आणि रेवा "आई गं" म्हणत ओकखाली पोहोचले.

"मॉम, दॅट्स आजोबा," रेवा म्हणाली.

"गप. मध्ये बोलायचं नसतं," शर्वाणी कुजबुजली.

शशिकांतरावांनी तिघांना पाहिलं. मग शिकवल्याप्रमाणे लांब बघितलं आणि सुरुवात केली. उल्काचा मुलगा परदेशी होता. त्याचा फोन रविवारी यायचा, पुष्कळदा यायचा राहायचा. तरी संध्याकाळी उल्का फाटकापाशी जाऊन शेजारणीला सगळं सांगायची, तिकडे थंडी किती पडली, पोर काय जेवलं, नात किती उंच झाली. "एकदा मी तिला म्हणालो, अगं, आज फोन आलाच नाही. तर म्हणते कशी, आला असता तर एवढंच बोलला असता."

अंबरीशने तोंड उघडलं. नोरीनबाईंनी ओठांवर बोट ठेवून नियम नऊ दाखवला. चाळीस मिनिटं संपली. पुढची तुकडी काठाला लागलीच होती. जाता जाता अंबरीशने वडिलांचा हात धरला.

"बाबा, हे मला घरी का नाही सांगितलंत?"

"संध्याकाळी सांगतो," शशिकांतराव म्हणाले.

कारण एक गोष्ट त्यांनी कुठल्याच पर्यटकाला सांगितली नव्हती. शेवटच्या दिवशी उल्का इस्पितळात जे बोलली, ते अंबरीशसाठी होतं. चौदा महिने त्यांनी ते जपून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी वरणभात केला, ताटं मांडली आणि मुलासमोर बसले. अंबरीशचे डोळे भरून आलेले होते.

"अंबरीश, तुझी आई शेवटच्या दिवशी..."

अंबरीशने हात वर केला. सहलीवरून निघताना कार्यालयाने सगळ्यांना ज्येष्ठांच्या कथनाचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. ते त्याच्या कानात चालू होतं.

"एक मिनिट, बाबा," तो म्हणाला. "तुम्हालाच ऐकतोय."

शशिकांतरावांनी त्याच्या ताटावर झाकण ठेवलं. आपण ही गोष्ट वाचायला घेतलीत, तेव्हा आपल्याही घरात कुणीतरी काहीतरी सांगायला आलं होतं. त्यांनाही आपण एक मिनिटच म्हणाला होतात. ते अजून तिथेच बसले असतील.