इनामदारांची खुर्ची

पिंपरीच्या कारखान्यातल्या स्नेहसंमेलनाचं नाटक उद्धवरावांनी आपण होऊन अंगावर घेतलं. ते हंगामी कारकून होते, आणि त्यांना कायम करण्याची शिफारस सबनीससाहेबांच्या हातात होती. साहेबांना मोठी भूमिका दिली की आपलं काम होईल, या आशेने त्यांनी एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीचं नाटक केलं. तिच्यातला माजोरडा इनामदार साहेबांना असा काही शोभला, की गड्याला झापताना त्यांना पाठांतरही लागेना. गड्याचं काम तळवड्याच्या भिमाजी फिटरकडे होतं.

घोटाळा झाला तिसऱ्या अंकात. कादंबरीत इनामदाराचं वैभव जातं, गडी व्यापार करून गबर होतो, आणि शेवटी इनामदार त्याच्याच दारात काम मागायला येतो.

"मी? या भिमाजीपुढे हात जोडू?" साहेबांनी कागद आपटले. "उद्या कारखान्यात मला कोण विचारील?"

"साहेब, कादंबरीतच तसं आहे हो."

"मग कादंबरी सुधारा!"

उद्धवरावांनी सुधारली. इनामदार श्रीमंतच राहिला, त्यामुळे गडीही गडीच राहिला. ते पाहून नाटकात सावकार झालेले हेडक्लार्क फुरंगटले, "मग मीच तेवढा नीच का?" सावकार दानशूर झाला. होता होता तिसऱ्या अंकात इनामदाराने चहा पिण्यापलीकडे काही उरलं नाही. तो चहा भिमाजीने आणायचा होता.

हे भिमाजीला सांगायचं मात्र राहिलं; पाळीमुळे शेवटच्या तालमींना तो नव्हता. तो यंत्रापाशी उभा राहून श्रीमंतीची वाक्यं घोकत होता. "आय येनार हाय बघाया," तो अशा काही आनंदाने म्हणाला, की उद्धवरावांची जीभच वळेना. उद्या सांगू, असं रोज होत राहिलं.

नाटकाच्या दिवशी दुसरा अंक संपताच भिमाजीने कोट आणि जरीची पगडी चढवली. उद्धवराव चहाचा ट्रे घेऊन धावले, "अरे भिमाजी, हे घे..." तोवर तो रंगमंचावर जाऊन इनामदारांच्या खुर्चीत बसलाही होता.

"या इनामदार. काय काम काढलंत?"

चहा प्यायला रंगमंचावर आलेले साहेब खिळून उभे राहिले. पुढच्या रांगेत कारखान्याचे मोठे साहेब, मागे सगळे कामगार. पळता येईना, ओरडता येईना. त्यांचे हात आपोआप जुळले.

"मला... मला ठेवून घ्या," ते म्हणाले. आवाज फाटला, डोळे भरून आले. मैदान टाळ्यांनी दणाणलं. मोठ्या साहेबांनी त्यांना चांदीचा कप दिला.

आत सबनीससाहेब कप मांडीवर घेऊन बसले होते.

"उद्धवराव, तो अभिनय नव्हता," ते हळूच म्हणाले. "तुमची शिफारस मी करणार नाही. मी खरंच हात जोडले, हे तुम्हाला कळलंय. रोज तुमच्यासमोर कसा बसू?"

उद्धवराव भिमाजीला फैलावर घ्यायला बाहेर आले. मैदान रिकामं होत होतं. भिमाजीची आई, अंबुबाई, तळवड्याहून बैलगाडीने पोचली तोवर तिसरा अंक सुरू झाला होता. कोट-पगडीतला माणूस आपल्याकडे येताना पाहून तिने पदर पुढे ओढला, पायातल्या वहाणा हातात घेतल्या आणि बाजूला सरून वाट दिली.

"मालक," ती खाली मान घालून म्हणाली, "आमचा भिमा कुटं दिसलाच न्हाई वो नाटकात."

"आये, म्या हाय की!"

तिने वर पाहिलं. ओळख पटली तशी हसली. पण वहाणा तिने पुन्हा पायात घातल्या नाहीत. उद्धवराव तसेच मागे फिरले.