तिसऱ्या वळणावरचा बिघाड

ज्या बिघाडाला एकाच गाडीत बारा वर्षं पूर्ण झाली, त्याला पर्यायी जागा दिल्याशिवाय तिथून हलवता येत नाही, असा आमच्या तालुक्यात नियम आहे. नियम चांगला आहे. धरणात गावं गेली तेव्हा तो माणसांसाठी केला होता, पुढे बिघाडांनाही लागू झाला. माणसांची प्रकरणं अजून चालू आहेत. बिघाडांची लवकर निकालात निघतात, कारण बिघाड दिलेल्या तारखेला हजर असतो.

घाटाच्या पायथ्याला, वाकोशीच्या नाक्यावर माझं गॅरेज आहे. वत्सलावहिनी जंगम तिथं गाडी घेऊन आल्या तेव्हा महिना संपायला नऊ दिवस होते.

"मिस्त्री, पासिंगवाल्यानं परत पाठवलं," त्या म्हणाल्या. "महिनाअखेर गाडी पास झाली नाही तर भंगारात जाणार. तसं लिहूनच दिलंय."

गाडी साय रंगाची, वहिनींच्या यजमानांची, अण्णा जंगमांची. अण्णा गेले तेव्हा घर, शेत, भांडी, सगळं मुलांनी वाटून घेतलं. गाडी कुणालाच नको होती, म्हणून ती वहिनींना मिळाली. वहिनींचं म्हणावं असं तेवढंच होतं.

"काय होतं तिला?"

"तुम्हाला माहीत नाही होय? अठ्ठावीस वर्षं तेच होतंय."

मला माहीत होतं, तरी मी विचारतो. जुनी गाडी आली की बॉनेट उघडू नये, आधी मालकाला विचारावं. गार असताना बंद पडते की तापल्यावर? सपाटीला की चढाला? झटक्यात की गचके देत? मालक खोटं बोलत नाही, पण सगळं एकदम सांगतही नाही. थोडं थांबावं लागतं.

वहिनींनी सांगितलं. नाक्यावरून निघालं की वीस मिनिटं झकास. घाटाच्या तिसऱ्या वळणावर, जांभळीखाली, दोन गचके आणि बंद. अर्धा तास गप उभी. मग पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही.

अण्णांनी ती एकदा माझ्या माघारी शहरातल्या मोठ्या गॅरेजात नेली होती. त्यांनी कॉइल बदलली, प्लग बदलले, कार्बोरेटर बदलला. तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. घाई करणारा माणूस सामान बदलतो. गाडीला लागतात दोनच गोष्टी, पेट्रोल आणि ठिणगी. बंद पडली त्या क्षणी प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरावी. ठिणगी निळी पडली तर त्या बाजूला बघायचं काम नाही. मग पेट्रोलचा पाईप सोडावा. आमचा पाईप गरम सायलेन्सरला जवळजवळ टेकून गेला होता. तापला की आत पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप वाफ ओढत बसायचा. पंपावर ओलं फडकं ठेवलं की दहा मिनिटांत चालू. पाईप दोन बोटं लांब घेतला की बिघाड कायमचा जातो.

काम एका दुपारचं. पण बिघाडाला अठ्ठावीस वर्षं झालेली. आम्ही अर्ज केला.

पुनर्वसन कचेरीत पिसाळ भाऊसाहेब बसतात. मंगळवारी त्यांनी कचेरीच्या आवारात सुनावणी ठेवली.

"बिघाड हजर आहे का?"

"गाडी चालू करावी लागेल, भाऊसाहेब."

गाडी चालू केली. आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो. पिसाळांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. विसाव्या मिनिटाला दोन गचके बसले आणि गाडी बंद पडली.

"हजर," पिसाळांनी लिहिलं. "स्थलांतराला हरकत?"

गाडी गप्प.

"हरकत नाही. आता पर्यायी जागा बोला."

मी माझ्या आवारातला जुना ट्रॅक्टर सांगितला. माझी ती चूकच होती, पण चूक समजायला समोर हुशार माणूस लागतो.

"ट्रॅक्टर चालतो का?" पिसाळांनी विचारलं.

"अकरा वर्षं उभा आहे."

"मिस्त्री, असं कसं? बंद पडायला आधी चालू असावं लागतं. उद्या बिघाड आमच्यावर केस टाकेल."

मग त्यांच्या कचेरीची जीप निघाली. तिच्यात आधीच चौदा बिघाड नोंदलेले, पंधराव्याला जागा नाही. सरपंचांच्या नव्या गाडीचं नाव वहिनींनी काढलं. मी जाऊन बॉनेट उघडून आलो. आत सगळं झाकून टाकलेलं, हात घालायला फट नाही. एवढ्या जुन्या बिघाडाला तिथं कोंडून ठेवणं मला बरं वाटलं नाही, आणि सरपंचांनाही वाटलं नाही.

शुक्रवार आला. महिना रविवारी संपत होता आणि पासिंग शनिवारी दुपारपर्यंत. वहिनी पुन्हा कचेरीत आल्या, पदराला गाडीची किल्ली बांधून.

"भाऊसाहेब, नियमात नेमकं काय लिहिलंय ते वाचा की," त्या म्हणाल्या. "गाडीच पाहिजे असं लिहिलंय का?"

पिसाळांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. "चालणारे, चालल्याने तापणारे व थांबल्याने गार होणारे कोणतेही."

कचेरीतला पंखा चालत होता, पण कुठं जात नव्हता. वहिनी बैलाचं नाव घेणार होत्या. बैलाला विचारता येत नाही, म्हणून त्या थांबल्या. मग मी म्हणालो, "मी चालतो."

"मस्करी नको, मिस्त्री."

"नाही. मी चालतो, तापतो, गार होतो. रोजचंच आहे."

"अहो, तुमचं वय काय?" वहिनी म्हणाल्या.

"गाडीपेक्षा जास्त. पण मला पासिंग नाही."

पिसाळांनी मला उन्हातून ओढ्यापर्यंत दोन वेळा जायला-यायला लावलं. मग माझ्या टकलावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "तापलं." कडुनिंबाखाली बसवून वाट पाहिली, पुन्हा हात ठेवला. "गार." त्यांनी दोन्ही लिहून घेतलं आणि शिक्का मारला. नवीन पत्त्याच्या रकान्यात माझं नाव घातलं, यासीन गुलाब मुलाणी, आणि कंसात 'स्वखुशीने' असं लिहिलं.

बिघाड ओल्या फडक्यात घेतात. कोरड्यात घेतला तर वाटेत तापतो. मी पाईप दोन बोटं लांब घेतला, त्यावर उष्णता अडवणारी दोरी गुंडाळली, तापलेल्या पंपावर फडकं दाबून धरलं आणि ते घट्ट पिळून माझ्या डोक्यावर ठेवलं. दुखलं वगैरे काही नाही. कुणी शेजारी येऊन बसावं तसं वाटलं.

"काय होतंय?" वहिनींनी विचारलं.

"अजून वीस मिनिटं झाली नाहीत."

शनिवारी सकाळी आम्ही पासिंगसाठी घाट चढलो. कागदावर माझी सही लागणार होती, म्हणून मी बरोबर होतो. तिसऱ्या वळणावर जांभूळ आली. गाडी सरळ पुढं निघाली, एकसुरी आवाज, एक गचका नाही. मला दोन गचके बसले. हात मांडीवर होते ते तिथंच राहिले, बोलत होतो ते अर्ध्यात राहिलं. वहिनींनी गाडी बाजूला घेतली, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. दहा मिनिटांत मी चालू झालो. साडेबाराला गाडी पास झाली. इन्स्पेक्टर म्हणाला, "एवढी जुनी गाडी, एकही खोड नाही?" वहिनी म्हणाल्या, "होती. तिला घर मिळालं."

तेव्हापासून मी वीस मिनिटं काम करतो आणि अर्धा तास बसतो. गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. मी पान्हा हातात घेऊन बंद पडलो तर ते पान्हा काढून बाजूला ठेवतात, हरवू नये म्हणून. बंद असताना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. वहिनी सोडल्या तर लोकांना हे माहीत नाही. त्यामुळे माझ्या गॅरेजबद्दल लोकांचं मत काय आहे ते मला आता नीट समजलं आहे.

पुढच्या गुरुवारी वहिनी गाडी घेऊन दारात. घाटावर बहिणीकडे निघाल्या होत्या.

"चला, मिस्त्री."

"काय झालं गाडीला?"

"काही झालेलं नाही. तीन वेळा जाऊन आले. जांभळीपाशी जरा म्हणून थांबत नाही. पंचवीस मिनिटांत बहिणीच्या दारात."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे. बसा."

मी बसलो. वाटेत त्या काही बोलल्या नाहीत. अण्णाही गाडी चालवताना बोलत नसत. रस्त्यावर नजर, एक शब्द नाही; दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते गाडी बंद पडल्यावर, हे मला ठाऊक होतं. तिसरं वळण आलं. मला दोन गचके बसले आणि मी बंद पडलो.

वहिनींनी गाडी जांभळीखाली घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागच्या सीटवर पिशवी होती. पिशवीत पाण्याची बाटली आणि घडी घातलेलं फडकं, दोन्ही मला दिसत होतं. त्यांनी पिशवीकडे हात नेला, तिचं तोंड नीट बंद केलं आणि ती खाली पायाशी ठेवली.

"हं," त्या समोर दरीकडे बघत म्हणाल्या. "तर ऐका."

अर्ध्या तासानं मी चालू झालो. जसं काही झालंच नाही.