कारंजं, भोंगा आणि साखरपुडा

पुण्याची चांगली नोकरी सोडून उन्मेष इंगळीकर कोल्हापुरात परत आला, तेव्हा त्याने घरात जाहीर करून टाकलं की पुढच्या पाच वर्षांत ह्या गावात कुणी भिंतीवरचं बटण दाबणार नाही. दिवे, पंखे, एसी, पाण्याचे पंप, सगळं एका कॉम्प्युटरवरून चालेल आणि ते चालवणारा माणूस उन्मेष असेल. वडील पेपर वाचत होते. ते म्हणाले, "आधी आपल्या बाथरूमचा बल्ब बदल."

कागलच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांनी त्याला चहा पाजला, बिस्किटं खायला घातली आणि परत पाठवलं. गळाला लागले ते रुद्राप्पा. रुद्राप्पा गुळाचे बडे व्यापारी. कळंब्याच्या रस्त्याला त्यांचं नवं वातानुकूलित मंगल कार्यालय उभं राहत होतं आणि कोल्हापुरात कुणाकडं नाही ते आपल्याकडं असावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

उन्मेषने त्यांना एक राखाडी डबा दाखवला. "हा कंट्रोलर. तुमचा एसी एका कंपनीचा, दिव्यांचा पॅनेल दुसऱ्या कंपनीचा, कारंजं तिसऱ्याचं. प्रत्येकाची भाषा वेगळी. कॉम्प्युटरचं बोलणं हा डबा ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगतो."

रुद्राप्पांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे निपाणीच्या स्टँडवरचा हमाल म्हणा की. मराठीतनं ऐकतंय, कानडीतनं वरडतंय."

"अगदी तसंच," उन्मेष म्हणाला. इतकं सोपं त्यालाही कधी सांगता आलं नव्हतं.

काम तसं सरळ होतं. प्रत्येक यंत्राला एक नंबर द्यायचा. दिवे एक, एसी दोन, कारंजं तीन आणि आगीचा भोंगा चार. यंत्रांच्या पेट्यांमध्ये हे नंबर लावायचं काम वायरमन आण्णांकडे होतं. आण्णांनी अर्ध्या शाहूपुरीचं वायरिंग केलेलं, आणि आपण हात लावला की बिघाड पळतो असा त्यांचा ठाम समज होता. उन्मेषचा स्वतःबद्दल तोच समज होता. दोघांचं फारसं बोलणं व्हायचं नाही.

कार्यालयाचा पहिलाच कार्यक्रम म्हणजे रुद्राप्पांच्या मुलीचा, विद्याश्रीचा साखरपुडा. मुलगा निपाणीचा श्रीशैल. त्याचे वडील प्रभुलिंगशेठ तंबाखूचे व्यापारी, आणि मानपानाच्या बाबतीत फार हळवे. एका लग्नात ह्यांच्या पानात मठ्ठा उशिरा आला म्हणून ते मांडवातून उठून गेले होते, अशी त्यांची ख्याती. रुद्राप्पांनी उन्मेषला बजावलं, "इंजिनेर, पावणं दारात आलं की एसी चालू. आत पाय ठिवला की महाबळेश्वरात आल्यागत वाटलं पायजे. माझ्या लेकीचा सवाल हाय."

"काळजीच सोडा," उन्मेष म्हणाला. त्याने प्रत्येक यंत्र सुटं सुटं तपासलं होतं. सगळी मिळून डब्यामार्फत तेवढी तपासायची राहिली होती, पण एकेक पोरगं हुशार असेल तर वर्ग ढ कसा निघेल?

सकाळी मागच्या ऑफिसात बसून त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं 'दिवे' दाबलं. दिवे लागले नाहीत, आणि खिडक्यांना जाड मखमली पडदे असल्याने हॉल काळोखातच राहिला. आण्णांनी पुटपुटत पॅनेलवरून हाताने दिवे लावले. वायर सैल असेल, असं उन्मेषने स्वतःला समजावलं. तिकडे एसी गुपचूप चालू झाला होता आणि हॉल हळूहळू शीतगृह होत होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाहुण्यांच्या जीपा आल्या. उन्मेषने 'एसी' दाबलं.

प्रभुलिंगशेठ नवाकोरा फेटा बांधून कारंज्याशेजारून चालले होते. कारंजं पूर्ण ताकदीने उसळलं. शेठ थांबले. फेट्याचा तुरा कपाळावर झोपला.

रुद्राप्पा ऑफिसच्या दारात येऊन दबक्या आवाजात ओरडले, "आवं कारंजं बंद करा."

"मी लावलंच नाहीये," उन्मेष म्हणाला. पडद्यावर कारंजं बंदच दिसत होतं. पण शंका नको म्हणून त्याने ते एकदा चालू करून बंद करायचं ठरवलं. 'कारंजं' दाबलं, आणि आगीचा भोंगा असा बोंबलला की स्वयंपाकघरातून आचारी झारा घेऊन बाहेर पळाले. निपाणीकर मंडळी जीपांकडे निघाली. उन्मेषने घाईने 'कारंजं' आणि 'एसी' दोन्ही बंद केलं, तेव्हा भोंगा आणि पाणी थांबलं. रुद्राप्पा वाटेत आडवे आले.

"तुतारी हाय ती," ते म्हणाले. "स्वागताची. नव्या पद्धतीची."

"आणि पाणी?" प्रभुलिंगशेठनी विचारलं.

"पाय धुवायला."

"डोस्क्यावरनं?"

रुद्राप्पांच्या पत्नी दानम्मांनी पुढे होऊन शेठच्या हातात कोरडा टॉवेल दिला, अज्जींना, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आजीला हात धरून आत नेलं, आणि मंडळी कशीबशी हॉलमध्ये शिरली. आत महाबळेश्वर नव्हतं, काश्मीर होतं. ओला फेटा घातलेले प्रभुलिंगशेठ थेट झोताखाली बसले आणि शिंकू लागले.

ऑफिसात उन्मेषच्या कपाळाला घाम होता. दिवे दाबले की एसी, एसी दाबला की कारंजं, कारंजं दाबलं की भोंगा. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डबा शून्यापासून मोजत होता आणि यंत्रं एकपासून. सगळं एका घराने सरकलं होतं. एवढंच! त्याने कॉम्प्युटरमधले सगळे नंबर एकेकाने मागे घेतले आणि खुर्चीत रेलून बसला.

दुर्दैव असं की त्याच वेळी आण्णांच्याही डोक्यात तोच प्रकाश पडला होता. ते शिडीवर चढले, प्रत्येक पेटीतले नंबर एकेकाने पुढे केले, दिवे पुन्हा डब्याच्या हवाली केले आणि खाली उतरून तंबाखू मळू लागले. दोघांनीही बरोबर तीच चूक दुरुस्त केली होती. एकमेकांना सांगायची गरज दोघांनाही वाटली नाही.

हॉलमध्ये अंगठीची वेळ झाली. अज्जी शालीत गुरफटून दानम्मांना म्हणाल्या, "बाई, ह्यो गारठा बंद कर की. माझं दात वाजायल्यात, आणि ते बी कवळीचं."

दानम्मांनी निरोप धाडला. उन्मेषने आत्मविश्वासाने 'एसी बंद' दाबलं.

हॉलमधले सगळे दिवे गेले.

त्याने 'दिवे' दाबलं. काही नाही. 'कारंजं' दाबलं, तर एसीचा जोर वाढला. मग त्याने पडद्यावरून हात काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. पुण्यातली नोकरी, तिथला जेवणाचा गरम डबा, महिन्याच्या एक तारखेचा पगार, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. एका मुलीचं ठरलेलं लग्न आपल्यापायी मोडणार, हे त्याला स्पष्ट दिसू लागलं.

अंधारातून प्रभुलिंगशेठचा आवाज आला, "पावणं, काळोखात अंगठी घालायची तुमच्यात पद्धत हाय काय?"

रुद्राप्पांनी तोंड उघडलं, पण आधी दानम्मा बोलल्या. "व्हय. वीज घालवून निरांजनाच्या उजेडातच घालतोय आम्ही. देवासमोर दुसरा उजेड कशाला पायजे?"

बायकांनी ओवाळणीची निरांजनं पेटवली. विद्याश्रीने हात पुढे केला. श्रीशैलने अंगठी घातली आणि त्या उजेडात तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. प्रभुलिंगशेठ शिंकलेसुद्धा नाहीत. अज्जींनी पदराने डोळे टिपले. "इतकी वरसं साखरपुडं बघतोय," त्या म्हणाल्या, "ह्येच्यासारखा न्हाय बघितला."

जेवताना उन्मेष खांबाआड उभा होता. दानम्मांनी त्याला ओढून पंगतीत बसवलं. "जेवा. रागवायचं ते उद्या रागावतील."

उद्या कुणी रागावलं नाही. उन्मेषने आणि आण्णांनी शेजारी बसून, नाइलाजाने का होईना बोलून, सगळे नंबर जागेवर आणले. दिवे दाबले की दिवे, एसी दाबला की एसी. घड्याळासारखं चालू लागलं. उन्मेष अभिमानाने रुद्राप्पांना बोलवायला गेला, तर तेच समोरून आले.

"उन्मेषराव, निपाणीत आपलं लई नाव झालंय. चार पार्ट्या आल्यात. सगळ्यांना तसलाच साखरपुडा पायजे."

"करू की." उन्मेषने लगेच एक नवं बटण तयार केलं. ते दाबलं की दिवे अगदी हळुवार, लाटेसारखे मंद होत विझत. रुद्राप्पांनी पाहिलं आणि मान हलवली.

"असं न्हाय. हे तर नाटकागत झालं. त्या दिवशी कसं धस्स झालं, तसं पायजे. परत बिघडवून द्या."

उन्मेष दिवसभर बसला. किती प्रयत्न केले, पण यंत्रणा काही केल्या बिघडेना.

तेव्हापासून त्या कार्यालयात अंगठीची वेळ झाली की दानम्मा पदर सारखा करतात, आणि ती खूण बघून आण्णा जिन्याखालचा मेन स्विच खाली ओढतात. पाहुणे थक्क होऊन विचारतात, हे कसं काय जमतं?

"कॉम्प्युटर," उन्मेष सांगतो, आणि विषय बदलतो.