बसून बघणारे तांबोळीसाहेब

तांबोळीसाहेब कुठलीही वस्तू बसून बघितल्याशिवाय घेत नाहीत. खुर्ची, गादी, स्कूटर यांचं ठीक आहे हो. पण हा गृहस्थ कपाट घ्यायला गेला तरी दुकानदाराकडून स्टूल मागून घेतो आणि कपाटासमोर तासभर बसून राहतो. सोसायटीची पाण्याची टाकी कुठे बसवायची यावरून गच्चीवर सगळे भांडत होते, तेव्हाही साहेब एका कोपऱ्यात चटई टाकून बसले होते. "बसल्याशिवाय कळत नाही, वहिनी," हे त्यांचं पालुपद. माझं माहेर सदाशिव पेठेतलं, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही. मी म्हटलं, "म्हणजे आम्ही उभ्या उभ्या जे संसार केले, ते डोळे मिटूनच केले म्हणायचे." साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "शक्यता आहे."

बिबवेवाडीत आमचं दार त्यांच्या दारासमोर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, सावकाश बोलणारा, इस्त्रीचा शर्ट घालून भाजी आणणारा माणूस. शहनाजभाभी गेल्यापासून घरात दोघंच, ते आणि मुलगी समीना. समीना आठवडाभर आयटीतली नोकरी करते आणि रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर जुन्या मोटारी खोलून जोडत बसते. एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण यंदा तिनं मातीच्या रस्त्यावरच्या शर्यतीत नाव दिलं.

साहेब रागावले नाहीत. दोन दिवस बसून राहिले आणि मग म्हणाले, "जा. मी बघायला येणार नाही. पण तुला बांधणारा पट्टा मी निवडणार."

शर्यतीच्या गाडीतला पट्टा आपल्या गाडीतल्यासारखा एकपदरी नसतो. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून, आणि सगळे पोटापाशी एका बकलात अडकतात. शिवाय मानेसाठी एक वेगळंच प्रकरण असतं. घोड्याच्या नालेसारखा कडक तुकडा मानेभोवती खांद्यांवर बसतो, त्याच्या दोऱ्या हेल्मेटला दोन्ही बाजूंनी जोडतात. गाडी आपटली तर पट्टा धड धरून ठेवतो, पण डोकं पुढे फेकलं जातं. ते फेकलं जाऊ नये म्हणून हा तुकडा. खांद्यावरचे पट्टे त्याच्यावरूनच जातात आणि त्याला दाबून धरतात. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं जू.

बसून बघायचं तर सीट हवी. साहेबांनी सुताराकडून लाकडी सांगाडा करून घेतला आणि समीनाच्या गाडीची सीट दिवाणखान्यात, टीव्हीसमोर ठोकली. मग निरनिराळे पट्टे आणले, तेही नापसंत पडल्यास परत करायच्या बोलीवर. पुण्यातला दुकानदार असल्या बोलीला कबूल कसा झाला, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, "मी तिथं बसलो होतो."

पहिल्यांदा त्यांनी एक रुंद, जाड, गादीसारखा पट्टा पसंत केला. घरातला सदरा घालून, मान मोकळी ठेवून त्यात अख्खी दुपार काढली आणि समीनाला सांगितलं की हाच. संध्याकाळी तिनं जू चढवलं आणि त्याच पट्ट्यात बसली, तर रुंद पट्टा जूच्या कडेवर चढायला लागला. जरा हललं की घसरायचा. साहेबांचा चेहरा उतरला. पट्टा माणसाला बरा वाटून उपयोग नाही, जूवर नीट बसला पाहिजे, हे जू न घालता कळणार कुठून?

त्या दिवसापासून साहेब स्वतःच जू आणि हेल्मेट घालून पट्ट्यात बसायला लागले. बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "दार उघडं आहे, मला उठता येत नाही." आत जाऊन बाजूला उभं राहिलं तर म्हणायचे, "समोर या वहिनी, मान वळत नाही." मी समोर जाऊन बोलायची, मागे टीव्हीवर बातम्या चालू. चहा मीच करून घ्यायची आणि त्यांच्या हातात द्यायची. तो हेल्मेटमधून प्यायचा कसा, हा प्रश्न होताच.

शर्यत जवळ आली, पण पट्टा काही ठरेना. गाडीच्या तपासणीला पट्टा बसवलेला लागतो. समीना माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, अब्बा मुद्दाम करतायत. त्यांचं नाही ठरलं तर मैत्रिणीचा जुना पट्टा आहे, तो लावून जाईन मी."

मी तडक समोर गेले. साहेब बांधलेलेच होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि अजून काय बघायचं राहिलंय ते सरळ विचारलं.

ते हेल्मेटमधून म्हणाले, "कधीच ठरलाय, वहिनी. हाच. खांद्यावर अरुंद आहे, जूच्या खोबणीत नेमका बसतो. पण ठरला म्हटलं की ती जाणार."

मला गलबलून आलं. पण गप्प राहणं मला जमत नाही. म्हटलं, "न ठरवून ती थांबणार आहे का? मैत्रिणीचा जुना पट्टा लावून जाणार आहे."

साहेबांनी बकल फिरवलं. सगळे पट्टे एकदम सुटून पडले. हेल्मेट काढून ते म्हणाले, "तिला बोलवा."

शर्यत खडकवासल्याच्या पुढे एका माळावर होती. येणार नाही म्हणालेले साहेब निघताना सगळ्यांच्या आधी आमच्या गाडीत येऊन बसले होते. तिथं त्यांनी समीनाला स्वतः बांधलं. आधी कमरेचे पट्टे, पोटावर नव्हे, खाली हाडावर. मग खांद्याचे, जूवरून सरळ. "श्वास सोड," म्हणाले आणि ओढले. समीना हेल्मेटमधून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, बहुतेक त्यांनाही नाही. ते दारापाशी उभे होते आणि तिची मान वळत नव्हती. मग साहेब कुणी न सांगता गाडीला वळसा घालून समोर आले आणि काचेपुढे उभे राहिले. तिनं हात वर केला, तेव्हाच बाजूला झाले.

मी त्यांच्यासाठी घडीची खुर्ची नेली होती, उशीसकट. म्हटलं, "साहेब, बसून बघा की."

"आज नको, वहिनी."

गाडी धुळीत दिसेनाशी व्हायची, पुन्हा दिसायची. एका वळणावर ती पार आडवी झाली आणि माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. साहेब शर्टाची कड मुठीत धरून उभे होते. शेवटी गाडी परत आली, थांबली. दार उघडलं, बकल सुटलं आणि समीना स्वतःच्या पायांनी बाहेर आली. हेल्मेट काढून तिनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, अब्बांना शोधत.

तांबोळीसाहेब खाली बसले. खुर्ची शेजारीच होती, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इस्त्रीच्या कपड्यांनिशी, कुठे बसतोय ते न बघता, सरळ मातीत बसले.