अकरा हरणांची चव्वेचाळीस

उत्तर गटाच्या जंगलाला आग लागली, तेव्हा वनखात्याने तिची रीतसर नोंद घेतली. आग सकाळी पावणेअकराला लागली आणि कार्यालय साडेदहाला उघडतं, त्यामुळे वेळेच्या बाबतीत तिला नावं ठेवायला जागा नव्हती. चार दिवस ती जळली. पाचव्या दिवशी जाळायला काही उरलं नाही म्हणून विझली आणि अहवालात 'खात्याच्या अथक प्रयत्नांनी आटोक्यात' आली.

वनरक्षकाकडे दोन गट होते, उत्तर आणि दक्षिण, मध्ये एक ओढा. उत्तरेची राख झाली. ज्या हरणांना पळता आलं ती ओढा ओलांडून दक्षिणेच्या दाट झाडीत शिरली आणि तिथेच माद्यांना पिल्लं झाली. सतरा वर्षं त्या जंगलात काढलेल्या माणसाचा जीव आता त्या एका गटात अडकला होता. "दक्षिण तेवढी राहिली, तरी पुष्कळ झालं," असं तो रोज जेवताना म्हणायचा. बायको म्हणायची, "हो, हो. भाजी घ्या."

दोन महिन्यांनी वार्षिक प्राणीगणना आली. पद्धत सोपी होती, म्हणजे कार्यालयाला सोपी. उत्तर गटाच्या चार कोपऱ्यांवर चार मचाणं, प्रत्येकावर एक माणूस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे दिसेल ते तक्त्यात लिहायचं. बेरीज कार्यालय करणार. मचाणावरच्या कर्मचाऱ्याने बेरीज, वजाबाकी किंवा तर्क करू नये, अशी तक्त्याच्या तळाशी छापील सूचनाच होती.

मागच्या वर्षी चारही मचाणांवरून मिळून एकोणीस हरणं दिसली होती. जंगलात तेव्हा शंभराच्या वर होती, पण झाडी अशी गच्च, की हरीण मचाणाखाली येऊन शिंकलं तरी दिसायचं नाही. यंदा झाडीच नव्हती. इकडून तिकडे मोकळं काळं रान, त्यात फुटलेलं कोवळं गवत, आणि ते खायला ओढ्यापलीकडून आलेला अकरा हरणांचा एक कळप. त्यातल्या एका नराचं डावं शिंग मोडलेलं होतं. कळप दिवसभर चरला. चार मचाणांवरच्या चार माणसांनी तो दिवसभर पाहिला आणि इमानेइतबारे अकरा-अकरा लिहिले.

कार्यालयाने बेरीज केली. चव्वेचाळीस.

"वाढ १३१.५८ टक्के!" वनाधिकारी साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, आगीनंतर! हे काय झालंय, कळतंय का तुम्हाला?"

"साहेब, ती अकराच आहेत," वनरक्षक म्हणाला. "चौघांनी तीच मोजली."

"पुरावा काय?"

"मोडक्या शिंगाचा नर. चारही तक्त्यांत शेरा आहे, बघा."

साहेबांनी चारही तक्ते पाहिले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "खरंच की. चार नर आणि चौघांचंही डावंच शिंग मोडलेलं. ही साथ असणार. बरं झालं सांगितलंत."

त्याच दुपारी शिंगभंगाच्या साथीवर समिती नेमली गेली. तिने तीन बैठका घेऊन हरणांच्या डाव्या बाजूला येणारी झाडं धोकादायक ठरवली.

साहेब तसे दुष्ट नव्हते. खिडकीतल्या कुंडीला ते स्वतःच्या हाताने पाणी घालत. पण त्यांच्याकडे दोन आकडे होते, आणि दोन आकडे हाताशी असलेल्या माणसाला आवरणं कठीण. आगीआधी एकोणीस, आगीनंतर चव्वेचाळीस, आणि मधल्या काळात घडलेली एकमेव घटना म्हणजे आग. आठवड्याभरात 'अग्निसंवर्धन योजने'चा मसुदा तयार झाला. हरणांच्या वाढीसाठी त्यांचा अधिवास टप्प्याटप्प्याने जाळायचा. पहिला टप्पा, दक्षिण गट.

त्या रात्री वनरक्षकाने भाजीच काय, भाकरीलाही हात लावला नाही.

"तुम्ही बोला ना तिथे काहीतरी," बायको म्हणाली.

"बोललो की. तर शिंगांची समिती झाली."

दुसऱ्या दिवशी तो हेडक्लार्क बाईंच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि खात्याचे नियम त्यांना स्वतःच्या नातवंडांपेक्षा जास्त ओळखीचे होते.

"बाई, जंगल जाळणं थांबवायचं असेल, तर कुठला अर्ज करायचा?"

"तसा अर्ज नाही." बाईंनी मान वर केली नाही. "जाळायचा आहे, थांबवायचा नाही. पण जळलेला गट त्याच वर्षी पुन्हा जाळता येत नाही. एका कामाला दोनदा मंजुरी मिळत नसते." मग त्यांनी खणातून आगीच्या पंचनाम्याचा कोरा छापील कागद काढून टेबलाच्या कडेला ठेवला. "मी काही बोलले नाही हं."

सतरा वर्षांत वनरक्षकाने खोटा कागद केला नव्हता. अक्षर मुंग्यांसारखं आलं. 'दक्षिण गट, संपूर्ण, नैसर्गिक कारणाने.' सोबत उत्तर गटाचे दोन फोटो जोडले. राख ती राख, तिच्यावर काही गटाचं नाव लिहिलेलं नसतं. 'धूर कार्यालयातून का दिसला नाही?' एवढी एकच विचारणा आली. 'वारा सुट्टीच्या दिवशीचा होता,' असं त्याने उत्तर दिलं, ते मान्य झालं.

"वाचलं गं जंगल!" घरात पाय टाकतानाच तो म्हणाला.

"अगबाई! कसं वाचवलंत?"

"जाळलं."

बायकोने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तीन महिने सुखात गेले. मग मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. योजनेच्या आधीच आपणहून जळलेला गट त्यांना पाहायचा होता. बरोबर फोटोग्राफर होता.

दक्षिण गटात भरदुपारी सावली होती. एक मादी दोन पिल्लं घेऊन वाटेतच उभी होती आणि हलायला तयार नव्हती. मोठे साहेब तिच्यापुढे येऊन थांबले. आता नोकरी जाणार, निवृत्तिवेतन जाणार आणि वर तुरुंग, हे वनरक्षक मनातल्या मनात कबूल करून बसला.

"हा जळीत गट?"

"हो, साहेब."

"संपूर्ण जळला होता?"

"पंचनाम्यात आहे, साहेब."

मोठ्या साहेबांनी पंचनामा पाहिला. त्यावर सही होती, शिक्का होता, आवक क्रमांक होता. मग त्यांनी समोरचा वड पाहिला. बुंधा तिघांच्या कवेत मावला नसता.

"तीन महिन्यांत एवढी झाडं!" त्यांनी कौतुकाने फोटोग्राफरला पुढे केलं.

"माती चांगली आहे," वनरक्षक भीतीपोटी बोलून गेला, आणि बोलल्यावर स्वतःचीच जीभ हासडावी असं त्याला झालं.

आठव्या दिवशी आदेश निघाला. दक्षिण गटाचा अनुभव लक्षात घेता, योजना आणखी तेवीस जंगलांना लागू.

तेवीस! वनरक्षक रडकुंडीला आला. एक जंगल वाचवायला निघालो आणि तेविसांची चिता रचून बसलो, आता हे निस्तरायचं कसं? तो तडक वनाधिकारी साहेबांच्या खोलीत शिरला. "साहेब, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पंचनामा खोटा आहे. दक्षिण गट जळलाच नाही."

साहेबांनी उठून दार लावलं. "म्हणजे," ते हळू आवाजात म्हणाले, "तो अजून जाळायचा बाकी आहे?"

वनरक्षकाला ती मादी आठवली. दोन्ही पिल्लं आठवली. "नाही, साहेब," तो म्हणाला. "जळला."

"मग ठीक आहे. बसा, पाणी घ्या."

बाहेर आला तेव्हा बाईंनी त्याला खुणेनेच बोलावलं. "तोंड काय असं पाडता? अजून एक वाट आहे. जाहीर सूचना निघते, तीस दिवसांची. लोकांकडून एक जरी हरकत आली तरी सुनावणी लावावी लागते. आणि सुनावणी लागली, की तुम्ही निवृत्त झालात तरी योजना जागची हलत नाही."

"मग मीच लिहितो हरकत!"

"खात्याच्या माणसाला चालत नाही. घरच्यांनाही नाही." "लोक लिहितील हो," बाई म्हणाल्या. "पेपरात येणार आहे. एक हरकत म्हणजे काय मोठंसं? पोस्टकार्डावर दोन ओळी." त्या रात्री बायकोने हरकत लिहायला कागद-पेन काढलं होतं, ते तिने हे ऐकून परत फळीवर ठेवलं.

पेपरात आलंच, पहिल्या पानावर. मादी आणि दोन पिल्लं, मागे गर्द हिरवं रान, वर ठळक मथळा, 'तीन महिन्यांत आगीतून फुललेलं जंगल!' आणि फोटोच्या खाली बारीक अक्षरांत तेवीस जंगलांची नावं, हरकत पाठवण्याचा पत्ता आणि मुदत.

वनरक्षक रोज आवक खिडकीशी जाऊन उभा राहू लागला. दहा दिवस झाले, वीस झाले. खिडकीवरचा कारकून त्याला लांबून बघूनच मान हलवायचा. एवढी माणसं पेपर घेतात, एवढी शिकलेली माणसं, एकाला तरी वाटेल की तीन महिन्यांत वड होत नसतो! याच आशेवर तो दिवस ढकलत होता.

एकोणतिसाव्या दिवशी एक पत्र आलं. पाकीट जाड, पाठवणाऱ्याचा पत्ता वळणदार अक्षरात, तेविसांपैकी सातव्या जंगलाच्या कडेचा. वनरक्षकाने ते घाईघाईने फोडलं, तर कोपरा फाटला.

'महोदय,' पत्रात लिहिलं होतं, 'आपण प्रसिद्ध केलेला फोटो घरातल्या सगळ्यांना अतिशय आवडला. दिवाणखान्यात लावण्यासाठी त्याची मोठी प्रत मिळू शकेल काय? मुलांना निसर्गाची ओढ लागावी, अशी आमची फार इच्छा आहे.'

त्याने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. पाकीट झटकलं, त्यात परतीच्या टपालाचं तिकीट होतं. तिसावा दिवस सुट्टीचा होता.

पत्राखाली सही आहे, पूर्ण नाव आहे, घर क्रमांकही आहे. ते इथे छापत नाही. इतका वेळ आवडीने वाचत आलात, शेवटी उगाच तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायचं.