नावेतला खांदा

गेल्या रविवारी दुपारी सांगलीत, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, सुभेदार आनंदराव यांनी चौदा श्रोत्यांसमोर आपला आठ वर्षांचा अभ्यास चुकल्याचं जाहीर केलं. अभ्यासाचा विषय होता एक जुना फ्रेंच लघुपट. लांबी एकोणीस मिनिटं. संवाद नाहीत.

सुभेदार साताऱ्यात माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळ गाव कडेगावजवळ. फौजेत ते तोफखान्यात होते आणि नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी टेहळणीच्या चौकीत काढला. दुर्बिणीतून समोरचा डोंगर बघायचा आणि वेळ घालून वहीत नोंद करायची, हे काम. "दिसलं तेवढं ल्ह्यायचं. वाटलं ते खिशात ठेवायचं," हे त्यांचं तत्त्व. दूधवाला, गॅसवाला आणि मी, तिघांनाही ते पाठ आहे.

लघुपट त्यांना शेवटच्या पोस्टिंगला मिळाला, युनिटच्या लायब्ररीने टाकून दिलेल्या सीडींच्या ढिगात. कथा साधी आहे. नदीवर एक नावाडी. त्याची बायको सकाळी त्याच्याच नावेतून पलीकडे उतरते आणि शहराकडे जाते. दिवसभर तो माणसं, बकऱ्या, दुधाचे कॅन वाहतो. संध्याकाळी पलीकडून शेवटची खेप निघते आणि नाव काठाला लागायच्या आत चित्र संपतं. बायको नावेत आहे की नाही, ते कळत नाही.

जाणकारांच्या मते हा शेवट मुद्दाम संदिग्ध ठेवला आहे. मी तसं सांगितलं तेव्हा सुभेदारांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "संदिग्ध म्हंजे टेहळणी कच्ची," ते म्हणाले.

त्यांची समीक्षा अकरा वह्यांत आहे. नमुन्यादाखल एक नोंद, वेळ लघुपटातल्या मिनिट-सेकंदांची: '०४.१२. पूर्वेकडून इसम एक, बकऱ्या दोन. हत्यार नाही.' दिशा त्यांनी सावल्यांवरून काढल्या. मुख्य निष्कर्ष शेवटच्या वहीत आहे. १८.४० ला पडद्याच्या डाव्या कडेला काळसर गोलाई दिसते. तो बाईचा खांदा. म्हणजे ती परत आली. एकट्या खांद्यावर बारा पानं आहेत.

सुभेदारांच्या पत्नी मालनकाकू आठ वर्षांपूर्वी सांगलीला बहिणीकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. निवृत्तीनंतर सुभेदारांनी घराच्याही नोंदी सुरू केल्या होत्या. '०७.१०. चहा. उशीर चार मिनिटे.' '११.३०. सौ. शेजारी गेल्या. परत १२.२५.' काकू निघाल्या तेव्हा जिन्यात जे बोलल्या ते माझ्या दारात ऐकू आलं.

"आवं, मी काय दुश्मन हाय व्हय, रोज टिपून ठिवायला?"

त्या दिवसाची नोंद सुभेदारांनी मला पुढे कधीतरी दाखवली. '०९.०५. सौ. रवाना.' त्यानंतर घराच्या नोंदी थांबल्या आणि लघुपटाच्या सुरू झाल्या.

यंदा मी त्यांच्यावर एक छोटी बातमी केली. ती वाचून सांगलीच्या एका चित्रपट मंडळाने त्यांना अभ्यास वाचायला बोलावलं. सुभेदारांनी मानधन, गाडी, हार काही विचारलं नाही. काकूंना निमंत्रणपत्रिका जावी, एवढीच अट घातली. एसटीत त्यांनी अकरावी वही मांडीवर धरली होती. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "बाकी कोन न्हाई आलं तरी चालंल, पत्रकार. बाई परत येती, हे तिला पुराव्यानिशी दावायचंय."

काकू आल्या होत्या. बहिणीसोबत शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर.

मंडळाच्या सचिव या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी कौतुकाने लघुपटाची नव्याने साफ केलेली प्रत मिळवली होती. वाचनाआधी ती दाखवली. सुभेदारांच्या सीडीत चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या होत्या, हे तेव्हा कळलं. नव्या प्रतीत डावीकडचं चित्र हातभर जास्त दिसत होतं. १८.४० ला तिथे दुधाचा कॅन होता. त्यावर ओलं पोतं टाकलेलं. बाई नव्हती.

सुभेदारांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. सचिवबाई म्हणाल्या की कलाकृतीकडे अनेक अंगांनी पाहता येतं, सरांनी आपलं वाचन सुरू करावं. सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले.

"खांदा न्हाई. कॅन हाय. बाई आलेली न्हाई. माझा रिपोर्ट चुकीचा."

एकाने टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली.

मागून मालनकाकूंनी विचारलं, "मग तवा त्यो नावाडी काय करत हुता?"

सुभेदारांनी वही उघडली. १८.४० चं पान काढलं, मग त्याच्या मागचं, मग पुढचं. बारा पानं खांद्याचीच होती.

"ते टिपलं न्हाई," ते म्हणाले. "त्याच्याकडं बघितलंच न्हाई मी."

"व्हय," काकू म्हणाल्या. बहिणीचा हात धरून त्या उठल्या आणि दाराबाहेर काढलेल्या चपला घालून जिना उतरल्या. सुभेदार खिडकीशी गेले. रिक्षा वळेपर्यंत ते तिथे उभे होते. साडेपाचच्या गाडीने आम्ही साताऱ्याला परतलो.

सोमवारी दिवसभर वरून लघुपटातल्या त्याच एका नदीचा आवाज येत होता. मंगळवारी मी वर गेलो. टेबलावर नवी वही होती आणि त्यात एकच नोंद होती: '१८.४०. नावाडी. वल्ही थांबलेली. तोंड पलीकडच्या काठाकडे. तिथे कोणी नाही.'

त्यांनी ते पान फाडलं, पाकिटात घातलं आणि सांगलीचा पत्ता लिहिला. पाकीट मीच पोस्टात टाकलं.

काल, शनिवारी, दुपारचं टपाल येऊन गेलं. त्यात सांगलीहून काही आलेलं नव्हतं.